मेंढराएवढं आयुष्य

माझ्या नवऱ्याला एक वाईट खोड आहे. समोरच्याचं पडलेलं तोंड त्याला बघवत नाही. दुकानदारानं असं असून चालत नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण इब्राहिमवर काडीचा परिणाम नाही. शिरूरच्या बाजारपेठेत आमचं टीव्हीचं दुकान आहे. पुढं विक्री, मागं दुरुस्ती आणि मधे गल्ल्यावर मी. गिऱ्हाईक विचारतं, "भाई, टिकंल ना?" शहाणा दुकानदार म्हणेल, कंपनीची वर्षाची वॉरंटी आहे, पुढचं तुमचं नशीब. आमचा इब्राहिम म्हणतो, "माझी जबान." आणि मग त्या जबानीपायी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गावोगाव हिंडतो.

दोन हजार सातच्या दिवाळीआधी आमच्या दुकानात पहिला मोठा चपटा टीव्ही आला. बेचाळीस इंची प्लाझ्मा! खोक्यातून काढायच्या आधी मी हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या. भिंतीला टेकवून चालू केला आणि बाजारपेठेचं जत्रेत रूपांतर झालं. डेपोतले ड्रायव्हर आले, मार्केट यार्डातले हमाल आले, समोरचा शिंपी तोंडात दोरा तसाच ठेवून बघत उभा राहिला. पडद्यावरच्या बाईच्या नथीतला मोती न् मोती दिसत होता. सगळे वाहवा करायचे आणि हात मागं बांधून निघून जायचे. घेणारा एक नाही. "हा आपल्याच गळ्यात पडणार," असं मी रोज सकाळी दुकान झाडताना म्हणायचे.

कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता, त्याला मी चहा पाजून सरळ विचारलं होतं, की बाबा, हा नक्की टिकतो किती? आमच्या घरातला जुना डबा टीव्ही माझ्या लग्नातला, थापट मारली की अजून चालू होतो. तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "भाभी, खरं सांगू? चार-पाच वर्षं चांगला गेला तर गंगेत घोडं न्हालं. धूळ, ओल, व्होल्टेज, काहीच सोसत नाही याला." हे मी इब्राहिमला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं मान डोलावली.

आणि मग एका दुपारी आण्णा आले. कुरकुंभहून दौंडला जाताना रस्त्याच्या आत धनगरांची वस्ती आहे, तिथले ते. पूर्वी त्यांचा मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, उन्हाळ्यात आमच्या घोड नदीच्या काठाला उतरायचा, तेव्हा ट्रान्झिस्टर दुरुस्त करायला ते इब्राहिमकडं यायचे. ती ओळख त्यांनी सोडली नव्हती. आता चराईची रानं राहिली नाहीत म्हणून त्यांनी शेती धरली होती, आणि त्या वर्षी शेवटची मेंढरंही विकली होती. बरोबर त्यांचे वडील होते, बिरदेव आबा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, उंच, ताठ. पण पायरी चढताना ते पायानं चाचपत होते. काचबिंदूनं नजर नेली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता यापुढं काही होणार नाही.

"आबांना लहान टीव्हीत काय बी दिसत न्हाई," आण्णा म्हणाले. "नुसता उजेड. म्हनलं, ह्यो मोठा तरी दावून बघावा."

तेव्हा पडद्यावर कुठल्या तरी परदेशी माळरानावर घोडे धावत होते. आबा पुढं सरकले. आणखी पुढं. नाक काचेला लागायला आलं तसे एकदम थांबले.

"घोडा हाय!" ते ओरडले. "आण्णा, घोडा पळतोय! पांढरा हाय!"

आण्णांनी तोंड फिरवलं आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. मलाही उठून आबांजवळ जावंसं वाटलं. तरी मी गल्ल्यावरून उठले नाही, कारण पुढं काय होणार ते मला दिसत होतं.

आबांनी टीव्हीवरून हात फिरवला. पुढून, पाठीमागून, कडेनं, अगदी बाजारात जनावर घेताना फिरवतात तसा. "दात न्हाईत, शेपूट न्हाई," ते म्हणाले. "वय वळखायचं कशावरनं? इब्राहिम, खरं सांग. शेवटची मेंढरं इकून घेतोय आमी हे. मेंढी नीट राखली तर धा वर्षं जगती. ह्यो किती जगंल?"

मी गल्ल्यावरून मान हलवली. डोळे मोठे केले. चार बोटं दाखवली. इब्राहिमनं माझ्याकडं बघितलं, मग त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि माझं नशीब तिथंच फुटलं.

"मेंढीएवढा तर जगेलच, आबा," तो म्हणाला. "माझी जबान."

त्या रात्री मी जेवणाचं ताट त्याच्यापुढं आदळलं.

पुढचे काही महिने मात्र सगळं गोडीगुलाबीनं चाललं. आण्णांची बायको गिताबाई अधूनमधून फोन करायची. टीव्ही झकास आहे, आबा दिवसभर त्याच्यासमोर बसतात, वस्तीतली सगळी माणसं संध्याकाळी आमच्याच घरात असतात, चहा करून करून हात दुखतात. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण आनंदानं नुसती फुललेली असायची. मग श्रावणात एक दिवस फोनवर ती किंचाळलीच.

"अकिलाभाभी! आमचं गजी टीव्हीवर येनार हाय!"

गजी म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच. पांढरे घोळदार अंगरखे, हातात रंगीत रुमाल आणि वीस-पंचवीस माणसं एका ठेक्यावर. आबा त्याचे म्होरके होते. तालुक्यात नाव होतं त्यांचं. नजर गेल्यावर त्यांनी म्होरकेपण आण्णांकडं दिलं, पण आण्णांचा नाच मात्र त्यांना कधी बघताच आला नव्हता. माणसं नाचायची आणि आबा बाजूला बसून जमिनीला कान दिल्यासारखे पावलं ऐकायचे. आता वस्तीचा संघ मुंबईला जाऊन दूरदर्शनवर नाचून आला होता, आणि येत्या रविवारी संध्याकाळी ते दाखवणार होते. एकदाच. अंगणातला नाच आबांना दिसत नव्हता, पण त्या मोठ्या पडद्यावरचा दिसला असता. पोराचा नाच बापाला बघायला मिळणार होता.

"तुमी दोगं बी यायचंच," गिताबाई म्हणाली. रविवार म्हणजे आमच्या दुकानाचा मोठा दिवस, त्यामुळं मी नाही म्हणाले. नंतर चुटपुट लागली, पण बोलून बसले होते.

रविवारी दुपारी जेवणं उरकून मी जरा टेकले होते, तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. इब्राहिमनं उचलला. पलीकडून आण्णांचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता.

"इब्राहिमभाई, मेंढरू पडलं."

"म्हणजे?"

"मंजी टीव्ही गेला! सकाळपासनं गप हाय. लाल दिवा बी लागंना. सगळी वस्ती गोळा झालीया, सोयरे आलेत, मांडववाल्याचा जनरेटर आनलाय लाइट जाईल म्हनून... आन् ह्यानंच मान टाकली!"

इब्राहिमच्या तोंडचं पाणी पळालं. "आबांना सांगितलं?"

"त्ये टीव्हीच्या म्होरंच बसल्यात. उठतच न्हाईत. म्हनत्यात, इब्राहिम येतोय."

इब्राहिमनं अजून येतो असंही म्हटलं नव्हतं, आणि आबा म्हणत होते इब्राहिम येतोय! इब्राहिमनं फोन ठेवला आणि पिशवीत सामान कोंबायला सुरुवात केली. सोल्डरिंग गन, मीटर, फ्यूज, थिनरची बाटली, ब्रश. मी दिराला, फिरोजला, हाक मारून गल्ल्यावर बसवलं आणि पदर खोचला.

"तू कुठं?" इब्राहिमनं विचारलं.

"तुम्हाला एकटं पाठवलं तर आणखी वीस वर्षांची जबान देऊन याल," मी म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन मोटारसायकलवर बसले.

काय तो प्रवास! न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढं पावसानं उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटत होती. ऊस दोन्ही बाजूंनी अंगावर येत होता. चौफुल्याला आम्ही चहा प्यायलो नाही, पाटसला पाणी प्यायलो नाही. सोलापूर रस्त्यावर ट्रक भणाणत होते आणि इब्राहिम, जो एरवी बैलगाडीलाही वाट देतो, तो ट्रकांना मागं टाकत होता. मी त्याच्या शर्टाला धरून "या अल्ला, या अल्ला" म्हणत होते, आणि खरं सांगते, मला मजाही येत होती. कुरकुंभला कारखान्याची शिफ्ट सुटली होती, सायकलींचा लोंढा रस्त्यावर होता. त्यातूनही निघालो. आणि वस्तीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलेलं! दौंड जंक्शन जवळ, म्हणजे मालगाडी आली की संपतच नाही. डब्यामागून डबे. ऊन उतरायला लागलं होतं.

"अहो, किती लांबडी गाडी ही!" मी किंचाळले. इब्राहिमनं उत्तर दिलं नाही. त्याचे ओठ हलत होते. दुआ मागत होता की फ्यूज आठवत होता, कोण जाणे.

वस्तीत शिरलो तर ढोल वाजत होते. टीव्ही बंद आणि ही माणसं ढोल वाजवून आमचं स्वागत करत होती! बायका नव्या लुगड्यांत, मुलं कपाळाला पिवळा भंडारा लावून. भंडारा म्हणजे त्यांच्या बिरोबाची हळद. प्रत्येक आनंदाला ती मुठीमुठीनं उधळायची रीत. आण्णांनी मोटारसायकल थांबायच्या आत इब्राहिमचा हात धरला. अंगावर तोच नाचाचा पांढरा अंगरखा.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा टीव्हीसमोर घोंगडीवर बसले होते, एक हात टीव्हीच्या कडेवर, आजारी जनावराजवळ बसावं तसे. "आला का रं?" त्यांनी विचारलं. "आलो, आबा," इब्राहिम म्हणाला.

"आता हुईल," आबांनी सगळ्यांना सांगितलं.

गर्दीत दौंडच्या रेल्वे कॉलनीतले सोपानराव होते, गिताबाईचे मावसभाऊ. गाडीत गार्ड म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला शिट्टी मारायची सवय. "काय भाई," ते म्हणाले, "धा वर्षांची जबान म्हनं! आन् इथं वर्साचं बाळसं बी धरलं न्हाई. आमचा जुना डबा पोरीच्या बारशाला घेतलेला. पोरगी सासरी गेली, डबा अजून नांदतोय!"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इब्राहिमही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. वस्तीतल्या आणखी काही घरांनी दिवाळीला असाच टीव्ही घ्यायचं ठरवलं होतं, ती माणसं दारातच उभी होती. आमच्या दुकानाचं नाव त्या बंद काचेत अडकलं होतं.

"काय हयगय केली न्हाई हो आमी," गिताबाई मला घाईघाईनं सांगायला लागली. "धूळ बसू देत न्हाई. आन् आबा तर मेंढरागत जपत्यात त्याला. आमी दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळतो, भंडारा टाकतो त्यांच्यावर. आता मेंढरं न्हाईत, तवा आबा म्हनले, हेच आपलं मेंढरू. पाडव्याला टीव्ही ओवाळला. तवापासनं एक ऐतवार चुकला न्हाई. दर ऐतवारी आबा स्वता मूठभर भंडारा उधळत्यात त्याच्यावर."

मी इब्राहिमकडं बघितलं. इब्राहिमनं माझ्याकडं बघितलं. टीव्हीच्या वरच्या कडेला, पाठीमागं, गरम हवा बाहेर जायला जाळी असते.

"जरा पडदा धरा," तो म्हणाला. "उजेडाचा त्रास होतो." उजेडाचा कसला डोंबलाचा त्रास! पण गिताबाईनं दोन बायकांच्या हातात चादर दिली. चादरीच्या आत आम्ही दोघं, टीव्हीची पाठ आणि माझ्या हातात बॅटरी. आबा मात्र जागचे हलले नव्हते, ते चादरीच्या आतच राहिले. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून कुणी उठवलंही नाही.

स्क्रू निघाले. इब्राहिमनं मागचं झाकण अलगद उचललं.

सगळं पिवळं! तारांवर, सर्किटच्या पाटीवर, कोपऱ्याकोपऱ्यांत हळद. वरचा थर कोरडा, आणि खाली पावसाळ्याच्या ओलीनं पार लगदा. इतक्या महिन्यांच्या रविवारांचा बिरोबा आत जाऊन बसला होता. एक फ्यूज उडालेला, पाटीवर हळदीचा ओला पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मला काय झालं सांगू? माझा जीव भांड्यात पडला! म्हणजे चूक आमची नव्हती! टीव्ही चांगला होता, माझा नवरा खोटा नव्हता. मी चादर बाजूला सारून सोपानरावांना हाताला धरून आत ओढणार होते, बघा म्हणणार होते, बघा डोळे भरून! मी तोंड उघडलं.

इब्राहिमनं माझं मनगट धरलं. घट्ट. आणि नुसती मान हलवून आबांकडं खुणावलं. ते आमच्यापासून हातभर अंतरावर, मान थोडी वर करून शांत बसले होते.

मी तोंड मिटलं. पण आत अशी भडकले होते, की त्या सोल्डरिंग गनेला विजेची गरज पडली नसती.

"काय भाई, सापडलं का?" बाहेरून सोपानराव ओरडले. "कशानं गेला?"

"ओल धरली," इब्राहिम म्हणाला. "चूक माझी. जागा मीच नीट बघून द्यायला पाहिजे होती."

"बघा! दुकानदारच म्हनतोय!" बाहेर पुन्हा हशा पिकला. मी बॅटरीचा झोत मुद्दाम इब्राहिमच्या तोंडावर मारला.

इब्राहिमनं ब्रश घेतला. एरवी धूळ तो फुंकर मारून उडवतो, पण आज फुंकर मारली नाही. हळद एकेका कोपऱ्यातून सावकाश खाली काढली आणि खिशातला रुमाल पसरून त्यात गोळा केली. देवाची वस्तू होती, पायाखाली कशी टाकणार? रुमालाची गाठ मारून त्यानं ती खिशात ठेवली. मग थिनरनं पाटी धुतली. वास डोक्यात गेला. नवा फ्यूज बसवला. बाहेर कुणीतरी हातघड्याळ बघून ओरडलं, "बातम्या संपत आल्या!" आण्णा चादरीच्या कडेतून डोकावून जायचे. घाम त्यांच्या अंगरख्यातून दिसत होता.

"वाळू द्यावं लागंल," इब्राहिम पुटपुटला. "ओल्यावर चालू केला तर कायमचा जाईल."

"वेळ कुठाय?" मी म्हणाले आणि पदर घेतला. वारा घालायला सुरुवात केली. गिताबाईनं ते बघितलं, ती कोपऱ्यातलं सूप घेऊन आली. मग आणखी एक सूप आलं. बायका धान्य पाखडावं तसा टीव्हीला वारा घालत होत्या, आणि बाहेर पोरं "बिरोबाच्या नावानं" असं ओरडत होती, बाकीचे "चांगभलं!" म्हणत होते. इतक्यात लाइट गेली.

सगळ्या वस्तीतून एकदम "आँ" असा आवाज आला. मग अंगणात जनरेटर धडधडला, बल्ब लागला, आणि "चांगभलं" दुप्पट झालं.

इब्राहिमनं पाटीवरून बोटाची मागची बाजू फिरवली. झाकण लावलं. स्क्रू लावताना एक खाली पडला, तो शोधला नाही. "काढा पडदा," तो म्हणाला. चादर पडली. आता सगळी वस्ती त्याच्याकडं बघत होती. त्यानं बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं.

काहीच नाही.

मी डोळे मिटले. आणि डोळे मिटलेले असतानाच ऐकू आला तो टीव्हीतला ढोल. डोळे उघडले तर भिंतभर उजेड! पांढरे अंगरखे, लाल-हिरवे रुमाल, आणि मधोमध आण्णा, आपल्या घरात उभे असलेले आण्णा, तिथं पडद्यावर माणसाएवढे नाचत होते!

काय गलका झाला म्हणता! बायकांनी टाळ्या पिटल्या, मुलं पडद्यातल्या बापांना हाका मारायला लागली. "अगं, आमचे हे!" "त्ये बघ, शेवटचा मीच!" मी गिताबाईच्या गळ्यात पडले होते, आम्ही दोघी उड्या मारत होतो. फक्त आबा गप्प होते. त्यांनी तोंड काचेजवळ नेलं होतं. पडद्यावरचे रंग त्यांच्या पांढऱ्या मिशांवर हलत होते. हळूहळू घरातला आवाज बसला. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

दिसतंय की नाही? हे विचारायची कुणाची छाती होईना.

पडद्यावरचा नाच रंगात आला, ढोल चढला, सगळे एकदम गिरकी घेऊन बसले, उठले. आणि आबांनी जमिनीवर थाप मारली.

"चुकला!" ते गरजले. "आन्या चुकला! बसताना डावा पाय म्होरं घेतला! कितींदा सांगितलं गाढवाला, उजवा, उजवा!"

अख्ख्या घरात असा आनंद उसळला की पत्रे उडायचे बाकी राहिले. दिसलं होतं! पायसुद्धा दिसला होता! इतक्या माणसांत शिव्या खाऊन कुणी असं हसलेलं मी बघितलं नाही. आण्णा हसत होते आणि रडत होते, आणि आबांच्या पायाशी बसून म्हणत होते, "व्हय आबा, चुकलो. डावाच पडला. चुकलो."

नाच संपला. गिताबाई भंडाऱ्यानं भरलेलं ताट घेऊन धावत आली आणि तिनं ते आबांपुढं धरलं. आता म्हातारा मूठ भरणार आणि पुन्हा त्या जाळीवर टाकणार! इब्राहिमलाही तेच दिसलं. तो पुढं झाला आणि टीव्हीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. लोकांना वाटलं, भाईंना पण नाच चढला. सोपानरावांनी शिट्टी मारली.

आबांनी ताट हातानं बाजूला सारलं.

"ह्यो नगं," ते म्हणाले. "इब्राहिमच्या खिशात हाय, त्यो द्या."

इब्राहिमचे पसरलेले हात खाली आले.

"द्ये रं," आबा म्हणाले. "डोळं गेल्यात माझं, नाक न्हाई गेलं. जलमभर ह्या भंडाऱ्यात हात हाय माझा. झाकन उघाडलंस तवाच वास आला मला, आन् आता तुझ्या खिशातनं येतोय. थिनर वतलास तरी मला कळतंय की."

इब्राहिमनं खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. ओला, काळपट पिवळा भंडारा होता तो. सगळ्यांनी बघितला. सोपानरावांची शिट्टी ओठातच राहिली.

"मेंढरू मीच मारलं व्हतं," आबा मोठ्यानं म्हणाले, दारातल्या माणसांनाही ऐकू जाईल असं. "मायेनं मारलं. ह्याची जबान खरी व्हती. आन् ह्यो मानूस चारचौघांत माझ्यापायी शिव्या खात गप बसला." त्यांनी रुमालातली हळद ओंजळीत घेतली. चाचपत उठले. इब्राहिम जिथं उभा होता तिकडं तोंड केलं. "हलू नगंस," ते म्हणाले.

आणि सगळी ओंजळ त्यांनी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर उधळली. मग गिताबाईचं ताट मागून घेतलं आणि तेही उधळलं. मग सगळी वस्तीच सुटली. इब्राहिम डोळे मिटून हसत उभा, केस पिवळे, दाढी पिवळी, पापण्या पिवळ्या. आमच्या लग्नात हळद लावली होती तेव्हाही तो इतका पिवळा झाला नव्हता. मला रडू आलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. परत येताना फाटकावरचा माणूस आमच्याकडं बघून इतका चक्रावला की फाटक उघडायचं विसरला.

दिवाळीला वस्तीत आणखी टीव्ही गेले. प्रत्येकाबरोबर इब्राहिम स्वतः गेला आणि जाळी कुठं असते ते प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्याच्या हाताला दाखवून आला. जबान मात्र त्यानं यावेळी दिली नाही. मी बरोबर होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आबांनी आण्णांकरवी फोन लावला. "इब्राहिमला घेऊन ये पोरी," ते म्हणाले. "मेंढरं ओवाळायची हायेत."

आम्ही गेलो. टीव्ही आत, भिंतीशी, स्वच्छ पुसलेला, चालू. आणि बाहेर ओट्यावर घोंगडी अंथरून तिच्यावर माझा नवरा बसवला होता. गिताबाईनं त्याला ओवाळलं. आबांनी मूठ भरून भंडारा उधळला. त्या घरात मेंढराच्या वाट्याचा भंडारा आता त्याला मिळतो. हात झटकून आबांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. ओठांवर हसू होतं.

"काय गं पोरी," त्यांनी विचारलं, "ह्ये मेंढरू किती वर्षं टिकंल?"

आख्खी वस्ती माझ्याकडं बघत होती. इब्राहिम पिवळ्या पापण्यांतून बघत होता. गल्ल्यावर बसून जन्मभर मी ज्या एका शब्दावरून त्याच्याशी भांडले, तोच माझ्या तोंडून निघाला.

"लय वर्षं, आबा," मी म्हणाले. "माझी जबान."